एक पाना, दोन नावे

स्पॅनर आणि रेंच यांत फरक काय, हा प्रश्न बहरीनमध्ये ज्याने कधी हाताला ग्रीस लावून घेतले आहे अशा प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडलेला असतो. शब्दकोश उघडला तर उत्तर एका ओळीत मिळते. इंग्लंडात ज्याला स्पॅनर म्हणतात त्यालाच अमेरिकेत रेंच म्हणतात. उत्तर चूक नाही, पण पुण्याहून मुंबईला कसे जायचे असे विचारणाऱ्याला 'घाट उतरा' एवढेच सांगण्यापैकी ते आहे. आपल्या या बेटावर विहीर खोदायला आले ते अमेरिकन, राज्यकारभारावर नजर ठेवून बसले ते इंग्रज, आणि प्रत्यक्ष नट फिरवणारे हात बहरीनी, इराणी आणि आपल्याकडचे. या सगळ्यांच्या मधे तो पाना सापडला. त्याची हकिकत एका ओळीत मावणारी नाही.

आधी शब्दांकडे पाहू. रेंच हा शब्द जुना, अस्सल इंग्रजी मातीतला. त्याच्या मुळाशी पिळणे, मुरगळणे हा अर्थ आहे. पाय मुरगळला हे सांगायला इंग्रज आजही तेच क्रियापद वापरतो. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत याच कुळातल्या एका शब्दाचा अर्थ कपट, डावपेच असाही होता. सरळ गोष्ट पिळून वाकडी करणे ते कपट. हत्यार या अर्थाने मात्र तो उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस छापील इंग्रजीत दिसू लागतो.

स्पॅनर त्यामानाने परदेशी. तो जर्मनांकडून आला. जर्मन भाषेत 'श्पानन' म्हणजे ताणणे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात एक प्रकारची बंदूक होती, तिच्या चापापाशी पोलादी चाक असे आणि त्या चाकाला घड्याळासारखी कमान. बार उडवण्यापूर्वी ती कमान किल्लीने ताणून ठेवावी लागे. चाप ओढला की चाक गर्रकन फिरे, दगडावर घासून ठिणगी पडे आणि दारू पेटे. कमान ताणायची ती किल्ली म्हणजे स्पॅनर. शिपाई ती कमरेला किंवा दारूच्या शिंगाला अडकवून हिंडत. १६३० नंतरच्या इंग्रजीत हा शब्द याच अर्थाने येतो. आपल्याकडे प्रामुख्याने तोड्याच्या बंदुका चालल्या, जळती वात लावून बार काढायच्या. त्यामुळे असल्या किल्लीची ओळख आपल्या शिपायांना व्हायचे कारण पडले नाही. पुढे ती बंदूक गेली, किल्ली राहिली आणि नट आवळायच्या कामाला लागली. तेव्हा एका शब्दात पिळणे आहे आणि दुसऱ्यात ताणणे. काम तेच, पाहण्याची बाजू निराळी. एकाने मनगटाकडे पाहिले, दुसऱ्याने बोल्टाकडे.

आता फरकाकडे. इंग्रज कारागिराच्या मते ठरावीक मापाचा, ज्याचा जबडा हलत नाही तो स्पॅनर. उघड्या तोंडाचा असो की गोल कड्याचा, तो स्पॅनरच. रेंच हा शब्द त्याने वर्ज्य केलेला नाही. नळ धरायच्या दातेरी हत्याराला तोही पाईप रेंच म्हणतो, आणि ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्याला टॉर्क रेंच. स्क्रूने जबडा मागेपुढे होणाऱ्या हत्याराला मात्र तो अॅडजस्टेबल स्पॅनर म्हणतो. अमेरिकनाच्या लेखी हे सगळेच्या सगळे रेंच. मग त्याच्याकडे स्पॅनर शब्दच नाही की काय? आहे, आणि खरी मेख इथे आहे. अमेरिकन कारागीर स्पॅनर म्हणतो तो आकड्याच्या किंवा खुंट्यांच्या हत्याराला. काही नट षट्कोनी नसतात, गोल असतात. कडेला खाचा असतात किंवा तोंडावर भोके. त्या खाचेत आकडा अडकवून किंवा भोकांत खुंट्या बसवून तो नट फिरवायचा. हे हत्यार म्हणजे अमेरिकनाचा स्पॅनर. म्हणजे दोघांच्याही पेटीत दोन्ही शब्द आहेत, पण एकाचा शब्द दुसऱ्याच्या खणात बसत नाही. संपूर्ण अनोळखी शब्द असता तर माणूस पुन्हा विचारतो. ओळखीचा शब्द असला की विचारीत नाही, उठून चालू लागतो.

एवढ्यावर भागले असते तर हा विषय भाषेपुरता राहिला असता. पण हत्याराच्या नावाइतकाच घोळ त्याच्या अंगावर कोरलेल्या आकड्यातही होता, आणि तो जास्त बोचणारा होता. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने मळसूत्राच्या आट्यांचे एक प्रमाण मांडले. तोवर इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि सरासरीच्या आधारे कोष्टक ठरवले. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर. बोल्टाची जाडी ठरली की इंचात किती आटे तेही ठरले. इंग्रजांच्या आगगाड्या, गिरण्या, जहाजे जिथे जिथे गेली तिथे तिथे हे आटे गेले. म्हणजेच ते परळला गेले, माटुंग्याला गेले, लालबागला गेले.

अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे आपले प्रमाण ठेवले. कोन ६० अंश, माथा सपाट. त्याचे म्हणणे असे की व्हिटवर्थचा गोल माथा कापायला कसबी माणूस लागतो. साठ अंशाचा सपाट आटा साधा मेकॅनिकही साध्या यंत्रावर काढू शकतो. ज्या देशात कसबी माणसे महाग होती त्या देशाने साहजिकच हे उचलले.

पाव इंची बोल्ट घ्या, दोन्हीकडे इंचाला २० आटे. पाऊण इंची घ्या, दोन्हीकडे १०. कोन निराळा असला तरी नट जरा कुरकुरत चढतो आणि नवशिक्याला वाटते जमले. अर्ध्या इंचाला मात्र इंग्रजी आटे १२ आणि अमेरिकन १३. दोन फेरे जातो आणि तिसऱ्याला अडकतो; आणखी जोर केला की आटे उडतात. त्यातून पान्यावरचा आकडा. इंग्रजी पान्यावर अर्धा इंच असे कोरलेले असेल तर तो अर्धा इंच बोल्टाच्या दांड्याचा. जबडा त्याहून कितीतरी मोठा, जुन्या मापाप्रमाणे ०.९२ इंच. अमेरिकन पान्यावर अर्धा इंच कोरलेला असेल तर तो जबड्याचाच, नटाच्या एका सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंतचा. एकच आकडा, एकच इंच, आणि एका पान्याचे तोंड दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे जुन्या बाजारात शेराचे माप गावागणिक बदले, त्यातलाच हा प्रकार, फक्त पोलादात कोरलेला. सैल पाना नटावर घसरला की नटाचे कोपरे झिजतात, आणि माणसाची बोटे जाऊन शेजारच्या लोखंडावर आपटतात. जुन्या फिटरच्या उजव्या हाताची पेरे पाहावीत, तिथे या दोन प्रमाणांचा इतिहास लिहिलेला असतो.

नळांचेही तेच. अमेरिकन नळाचा आटा ६० अंशी, इंग्रजी ५५ अंशी. अर्धा आणि पाऊण इंची नळांना दोन्हीकडे इंचाला १४ आटे, म्हणून नळ चढतो आणि मग ठिबकतो. एक इंची नळाला इंग्रजी ११ आणि अमेरिकन साडेअकरा. पाणी असेल तर फरशी ओली होते. तेल किंवा वाफ असेल तर काय होते ते सांगायला नको.

आता बहरीनकडे येऊ. इथली सवलत प्रथम मिळवली ती फ्रँक होम्स या न्यूझीलंडच्या गृहस्थाने, १९२५ साली. इंग्रज तेलकंपन्यांना बेटावर तेल निघेल असे वाटत नव्हते, म्हणून ती सवलत फिरत फिरत अमेरिकनांकडे, शेवटी स्टँडर्ड ऑईल ऑफ कॅलिफोर्नियाकडे गेली. पण बहरीन इंग्रजांच्या संरक्षणाखाली. इथे कंपनी ब्रिटिश हवी असा त्यांचा आग्रह. त्यावर तोड निघाली ती अशी की १९२९ च्या जानेवारीत बहरीन पेट्रोलियम कंपनी, म्हणजे बापको, कॅनडात नोंदवली गेली. कॅनडा साम्राज्यात, म्हणून कंपनी ब्रिटिश. भांडवल आणि ड्रिलर कॅलिफोर्नियाचे. १९३१ च्या ऑक्टोबरात जबल दुखानच्या पायथ्याशी खोदाई सुरू झाली आणि १९३२ च्या जूनच्या आरंभी पहिल्या विहिरीला तेल लागले. आखाताच्या अरबी किनाऱ्याकडचे हे पहिले तेल. १९३४ साली पहिले तेल जहाजातून परदेशी गेले, १९३६ पासून रिफायनरी सुरू झाली, आणि त्याच वर्षी टेक्सास कंपनी अर्ध्याची भागीदार झाली. अवालीची वसाहत उभी राहिली ती याच दशकात.

कराराची आणखी एक अट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. कंपनीने नोकर शक्यतो बहरीनची प्रजा किंवा ब्रिटिश प्रजा यांतून घ्यावेत. हिंदुस्थानातली माणसे तेव्हा ब्रिटिश प्रजा होती. अमेरिकन हत्यारे हिंदी हातांत आली ती या कागदी वाटेने. मुंबई हे भरतीचे ठिकाण झाले. १९२२ च्या एमिग्रेशन कायद्यामुळे परदेशी निघालेल्या कुशल कारागिरांच्या करारांवर सरकारची नजर असे. ब्रिटिश इंडिया कंपनीची टपालाची बोट मुंबईहून कराची, मस्कत करीत वर येई. ही सेवा १८६२ पासूनची, आणि तिची शेवटची बोट 'द्वारका' १९८२ पर्यंत चालली. तिच्या डेकवर वळकटी टाकून आलेली माणसे आपल्यांतही आहेत.

ही माणसे काय शिकून आली होती? मुंबईत यंत्रे आली ती १८५३ च्या आगगाडीबरोबर आणि त्यानंतरच्या गिरण्यांबरोबर. जीआयपीचे कारखाने परळ आणि माटुंग्याला, बीबीसीआयचा लोअर परळला, माझगावला गोदी, आणि लालबाग-परळभर गिरण्या. यंत्रे बहुतेक लँकेशायरची. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले तरी बहुतेक फिटर तिथे शिकले नाहीत. ते कोकणातून, घाटावरून आले, कोणा काकाच्या किंवा गाववाल्याच्या हाताखाली राहिले आणि बघून शिकले. त्या शिक्षणात पुस्तक नव्हते, म्हणून इंग्रजी शब्दाचे स्पेलिंगही नव्हते. शब्द कानाने आले. वॉशरचा वायसर झाला, स्टेशनचे टेसन झाले. स्पॅनरचे पुढचे आणि मागचे टोक झिजून पाना राहिला, असे मी मानतो. काही जण पाना हा पानावरून आला म्हणतात, कारण सपाट पात्यासारखा दिसतो. ती मला मागाहून जुळवलेली गोष्ट वाटते. दुकानांच्या पाट्यांवर तो पुष्कळदा 'पान्हा' असा लिहिलेला दिसतो. आईला फुटतो तो पान्हा वेगळा आणि नटाला लागतो तो पाना वेगळा, हे पाटी रंगवणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

पण या अपभ्रंशात एक शहाणपण आपोआप झाले. मराठी कारागिराने पाना हे कुळाचे नाव केले आणि पुढे विशेषण लावले. रिंगपाना, पाईप पाना, स्क्रू पाना. इंग्रज ज्याला रेंच म्हणेल तोही पानाच आणि अमेरिकन ज्याला स्पॅनर म्हणेल तोही पानाच. उत्तरेकडच्या कारखान्यांत 'रिंच' हा शब्द चालतो, आणि उर्दू बोलणारे पाकिस्तानी मिस्त्रीही पाना म्हणतात. त्यामुळे बहरीनच्या कारखान्यांत रत्नागिरीचा फिटर आणि सियालकोटचा फिटर एकमेकांकडे हत्यार मागताना कधी अडले नाहीत. अडायचे ते साहेबाशी बोलताना.

उलटा प्रकारही आपल्या भाषेत आहे, तो जाता जाता सांगतो. सुताराचे भोक पाडायचे गिरमिट आले ते बहुधा इंग्रजी गिम्लेटवरून, आणि फिजी-मॉरिशसला मजूर गेले ते गिरमिट आले ॲग्रीमेंटवरून. तिथे दोन इंग्रजी शब्दांचा आपण एक केला. आखातात आलेल्या आपल्या माणसांजवळ दोन्ही गिरमिटे होती म्हणायची, एक पेटीत आणि एक खिशात.

या शब्दांमुळे नुसती गंमतच होत होती असे नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी इथे एका दुरुस्तीच्या कंत्राटात पाळीवर होतो. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. आमच्यात सिंधुदुर्गातला एक फिटर होता, परळला शिकलेला. गंजलेला नट नुसत्या कानाने ओळखायचा, हातोडीचा एक ठोका मारून आवाजावरून सांगायचा की सुटेल की कापावा लागेल. रात्री एक पंप उघडला होता. अमेरिकन सुपरवायझर वर मचाणावर, हा खाली वर्कशॉपात. वरून टेलिफोन आला, स्पॅनर घेऊन ये, लवकर. हा उघड्या तोंडाच्या पान्यांचा पूर्ण संच खांद्यावर टाकून शिडी चढून गेला. बेअरिंगवरचा नट गोल, खाचांचा. सुपरवायझरला हवा होता आकडा. संच पाहून तो भडकला. पुन्हा खाली, पुन्हा वर, यात अर्धा तास गेला. सकाळी अहवालात शेरा पडला की या माणसाला हत्यारांची नावे कळत नाहीत. इंग्रज फोरमनने सांगून पाहिले की आमच्याकडे स्पॅनर म्हणजे हेच. पण शेरा लिहिला गेला होता. त्या वर्षीची बढती गेली. त्याच्या घरी दोन बहिणींची लग्ने व्हायची होती, आणि बढतीचे दिनार त्या हिशेबात धरलेले होते. तो मला एवढेच म्हणाला, "नट बघायला दिला असता तर पाना मीच आणला असता. नाव कशाला विचारायचं?"

मला वाटते यात सगळा मुद्दा आला. कारागीर नट पाहून पाना उचलतो, नाव ऐकून नाही. नाव लागते ते हुकूम देणाऱ्याला, भांडाराच्या वहीला आणि परीक्षा घेणाऱ्याला. मुंबईत आखाती नोकऱ्यांसाठी ज्या ट्रेड टेस्ट होत त्यांत टेबलावर हत्यारे मांडून नावे विचारीत. परीक्षक कोणत्या देशाच्या वळणाचा आहे हे ज्याला आधी कळले तो पास. म्हणून अनुभवी माणसे नव्या पोरांना एक युक्ती शिकवीत: उत्तर देताना दोन्ही नावे एका दमात सांगायची. ट्रॉम्बेला काम केलेल्यांना ही युक्ती शिकवावी लागत नसे. तिथे १९५४ साली अमेरिकन स्टँडर्ड-व्हॅक्यूमची रिफायनरी सुरू झाली आणि १९५५ साली शेजारीच बर्मा-शेलची. एकीतून दुसरीत गेलेला माणूस कुंपण ओलांडताना शब्द बदलीत असे. पुढे १९७४ आणि १९७६ साली त्या सरकारच्या ताब्यात गेल्या आणि अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाल्या.

इंग्रज-अमेरिकनांचे आपसांतले भांडण मिटवायला महायुद्ध लागले. एका बाजूच्या विमानाला दुसऱ्या बाजूचा बोल्ट लागत नव्हता. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉईसचे मर्लिन इंजिन बनवायला घेतले तेव्हा त्यांना इंग्रजी आट्यांची हत्यारे आधी स्वतः तयार करावी लागली. युद्ध संपल्यावर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका समाईक आट्याचा करार केला. कोन ठरला ६० अंश. म्हणजे आटे सेलर्सचे राहिले. शब्दांबद्दल मात्र करारात काही नव्हते, आणि ते जिथल्या तिथे राहिले. कोणाच्या कामात कोलदांडा घालणे याला इंग्रज अजून यंत्रात स्पॅनर टाकणे म्हणतो आणि अमेरिकन मंकी रेंच टाकणे.

बहरीनवर हा सत्ताबदल ठिकाणांवरूनही वाचता येतो. अवालीच्या कुंपणात अमेरिकन माप. बाहेर चार्ल्स बेलग्रेव्ह १९२६ ते १९५७ सल्लागार होते, त्या काळात विजेची आणि पाण्याची कामे इंग्रज इंजिनियरांकडे, म्हणून तिथे इंग्रजी माप. मनामाला वीज आली १९३० साली. जुफेरला १९३५ पासून इंग्रजी आरमाराचा तळ होता. १९७१ साली इंग्रज गेले आणि त्याच जागेचा काही भाग अमेरिकन आरमाराने घेतला. एकाच धक्क्यावरचा तोच नट एका वर्षी स्पॅनरने सुटत होता तो पुढच्या वर्षी रेंचने सुटू लागला. त्याआधी १९६७ च्या नोव्हेंबरात इथली वाहतूक डावीकडून उजवीकडे गेली होतीच. रुपयाही १९६५ साली गेला; दहा रुपयांचा एक दिनार झाला, तरी शंभर फिल्सला जुनी बहरीनी माणसे रुपया म्हणत राहिली. नाणे बदलते, नाव बदलायला वेळ लागतो.

बहरीनी माणूस पान्याला काय म्हणतो? 'स्पाना'. म्हणजे त्यानेही इंग्रजाचाच शब्द घेतला, फक्त पुढचा स ठेवला जो आपण टाकला. अमेरिकन कंपनीत तीन पिढ्या राबूनही रेंच त्याच्या बोलीत तितका मुरला नाही, याचे मला नवल वाटत असे. एक कारण असे असावे की हा शब्द विहिरीवर नाही, बंदरावर आणि मोटारींच्या गॅरेजात आधी रुजला, आणि तिथे इंग्रज आणि मुंबईकर दोघेही स्पॅनरवालेच होते. पकडीला तो 'प्लायस' म्हणतो, स्क्रूला 'स्क्रूब'. बॅटरीला 'बिजली' आणि मोटारीच्या डिकीला 'डब्बा' हे तर सरळ आपल्याकडचे. छापील अरबीत मात्र पान्याला 'मिफ्ताह' म्हणजे किल्ली म्हणतात. फ्रेंच आणि जर्मनही किल्लीच म्हणतात.

इथल्या फारसी बोलणाऱ्या लोकांचा शब्द सगळ्यांत मजेचा. फारसीत पाना म्हणजे 'आचार'. आणि आखाती अरबीत आचार म्हणजे हिंदुस्थानातून आलेले लोणचे. दुपारच्या जेवणाच्या सुटीत इराणी मिस्त्रीने आचार मागितले तर काय द्यायचे, हा प्रश्न वेळ पाहून सोडवावा लागे. जबडा हलणाऱ्या पान्याला इराणी 'आचार फरान्से', म्हणजे फ्रेंच पाना म्हणतात. फ्रेंच त्याला इंग्लिश किल्ली म्हणतात. जर्मन नुसतेच 'इंग्लंडर' म्हणतात, आणि डेन्मार्कचे लोक स्वीडिश किल्ली. डेन्मार्कवाल्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे, कारण आज घरोघरी दिसणारा तो पाना योहान पेटर योहान्सन या स्वीडिश माणसाने १८९२ साली पेटंट केला. नळाचा दातेरी पाना अमेरिकन डॅनियल स्टिलसनचा, १८७० च्या सुमाराचा. त्याला इंग्रजही रेंच म्हणतो तो बहुधा त्यामुळेच. ज्याचे हत्यार त्याचा शब्द.

सत्तरच्या दशकापासून मिलिमीटरची मापे आली आणि एक निराळाच खेळ सुरू झाला. १९७७ साली हिद्दजवळची आसरी गोदी सुरू झाली तेव्हा तिचे व्यवस्थापन लिस्बनच्या मंडळींकडे; ती मिलिमीटरवाली. मग एकाच पेटीत तीन कुळांचे पाने. जुन्या फिटरांनी याचे कोष्टक तोंडपाठ केलेले असते. १९ मिलिमीटर आणि पाऊण इंच एकच समजा. ८ मिलिमीटर आणि पाच-सोळांश इंच, चालून जाते. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटाला बसतो पण किंचित सैल, जोराच्या कामाला नको. १४ चा नऊ-सोळांशाला चढतच नाही. हे ज्ञान कोणत्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर नसते, आणि यावर रोजचे काम चालते.

भारतात मेट्रिक पद्धत १९५६ च्या कायद्याने आली, आणि हत्यारांची प्रमाणेही ठरली. इंडियन स्टँडर्ड २०२८ हे उघड्या तोंडाच्या पान्याचे. त्याच्या मथळ्यात रेंचेस असे लिहून पुढे कंसात स्पॅनर्स लिहिले आहे. २०२९ हे रिंगपान्याचे, तिथेही तसेच. सरकारी कारकुनाने ट्रेड टेस्टची युक्ती वापरली आणि दोन्ही नावे एका दमात सांगून टाकली. नाशिकला टपारिया कंपनीने एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारे बनवायला घेतली ती साठच्या दशकाच्या अखेरीस. तिच्या यादीत जबडा हलणारा तो अॅडजस्टेबल स्पॅनर, आणि नळाचा तो पाईप रेंच, स्टिलसन पद्धतीचा. म्हणजे नाशिकने बाजू इंग्रजांची घेतली आहे.

बापको पुढे पूर्णपणे बहरीन सरकारची झाली आणि २०२३ पासून बापको एनर्जीज या नावाने ओळखली जाते. पहिल्या विहिरीपाशी १९९२ साली तेलाचे संग्रहालय उघडले. मुले सुटीत आली की त्यांना तिकडे अवश्य न्यावे. तिथले जुने सामान पाहताना एखाद्या पान्यावर आकडा दिसला तर जबड्याकडेही पाहावे. आकड्यापेक्षा तोंड बरेच मोठे असेल तर पाना इंग्रजी, आणि आकड्याएवढेच असेल तर अमेरिकन.